स्टेंट टाकल्यावरही रक्तवाहिनी पुन्हा अरुंद का होते?



आजची सुरुवात हृदयापासून नको, एल्फिन्स्टनच्या पुलापासून करू. परळ आणि प्रभादेवीला जोडणारा हा शंभरी उलटलेला पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद झाला. इथे बसलेल्या बहुतेकांनी त्याचा त्रास भोगलाय. पश्चिमेकडून केईएमला, टाटाला किंवा वाडियाला यायचं, तर एक वळसा टिळक पुलावरून आणि दुसरा करी रोडच्या पुलावरून. पहाटे पाच वाजता टॅक्सी केलीत तर पूल बंद असल्याचं फारसं जाणवतही नाही. संध्याकाळी सहाला मात्र टिळक पुलावर इंजिन बंद करून बसावं लागतं. रस्ते तेच, वळसा तोच. गाड्यांची गरज वाढली की वळसा पुरत नाही.

हृदयाची एखादी मुख्य रक्तवाहिनी हळूहळू, वर्षानुवर्षं अरुंद होत पूर्ण बंद पडते, तेव्हा नेमकं हेच होतं. आजूबाजूच्या धडधाकट वाहिन्यांमधून बारीक फांद्या मोठ्या होतात आणि बंद वाहिनीच्या पलीकडच्या भागाला वळशाने रक्त पोचवतात. त्यांना आम्ही कोलॅटरल म्हणतो, मराठीत पर्यायी वाहिन्या म्हणू. माणूस बसलेला असतो, जेवतो, झोपतो, काही होत नाही. गिरगावातल्या चाळीचा तिसरा मजला चढायला घेतला की दुसऱ्या मजल्याच्या वळणावर छातीत दाटून येतं. हृदयाला जास्त रक्त हवं असतं आणि वळसा तेवढं देऊ शकत नाही.

रक्तवाहिनी १०० टक्के बंद आणि ती बंद पडून किमान तीन महिने झालेले असले, की त्याला क्रॉनिक टोटल ऑक्लूजन म्हणतात. यापुढे आपण सीटीओ म्हणू. हा प्रकार दुर्मीळ नाही. कॅनडातल्या तीन रुग्णालयांत अँजिओग्राफी झालेल्या हजारो रुग्णांची नोंद ठेवली गेली. २०१२ साली तिचे आकडे प्रसिद्ध झाले, तेव्हा हृदयवाहिन्यांचा आजार असलेल्यांपैकी १८ टक्क्यांहून थोड्या जास्त लोकांत निदान एक सीटीओ सापडला होता. म्हणजे पाच-सहा जणांत एक. यातल्या कित्येकांना मोठा हार्ट अटॅक कधी आलेलाच नसतो. ‘मला अटॅक आला नाही, मग शंभर टक्के ब्लॉक कसा?’ हा प्रश्न ओपीडीत दर आठवड्याला येतो. उत्तर टिळक पुलावर आहे.

आता हा बंद रस्ता आम्ही तारेने, फुग्याने, स्टेंटने उघडतो. चार-सहा तासांची झटापटही होते कधीकधी. रुग्ण खूष, आम्हीही खूष. आणि मग आठ-दहा महिन्यांनी तोच माणूस समोर येतो नि सांगतो की परत तसंच होतंय. आजचा विषय हा आहे.

आमच्या एका रुग्णाची आठवण सांगतो. लालबागचे काका, गिरणीत काम केलेले, ८२च्या संपानंतर मिळेल ते काम करत संसार ओढलेले. नाव सांगणार नाही. सीटीओ उघडून त्यांना दुसरीकडे स्टेंट टाकले होते. ते आमच्याकडे आले तेव्हा ‘काय होतंय?’ या प्रश्नाला त्यांनी दिलेलं उत्तर आम्ही अजून विद्यार्थ्यांना सांगतो. म्हणाले, ‘डॉक्टर, मधे आमचा जिना लहान झाला होता. आता परत लांब झालाय.’ यापेक्षा अचूक वर्णन पुस्तकात मिळणार नाही. पण हे सांगायला त्यांनी चार महिने लावले होते. घरच्यांनी आधीच कर्ज काढलं, आता परत काय तोंडाने सांगू, असं त्यांना वाटत होतं. सुनेने ओळखलं. गणपतीत दर्शनाला येणाऱ्यांच्या रांगेला स्वयंसेवक म्हणून उभा राहणारा माणूस त्या वर्षी खिडकीत बसून राहिला, तेव्हा तिच्या लक्षात आलं.

तर असं का होतं?

आपल्या सगळ्यांच्या डोक्यात रक्तवाहिनी म्हणजे नळ असतो. गिरगावातल्या जुन्या इमारतींचे लोखंडी पाइप तुम्ही पाहिलेत, आत गंजाचा थर बसून पाणी करंगळीएवढं येतं. प्लंबर येतो, तुकडा कापतो, नवा बसवतो, संपलं. डॉक्टरही प्लंबरच, फक्त फी जास्त, असा एक विनोद आहे. विनोद ठीक आहे, पण त्यातली समजूत चुकीची आहे. नळाला जखम होत नाही. रक्तवाहिनी जिवंत आहे. तिला आतून अस्तर आहे, मधे स्नायूंचा थर आहे, बाहेर आवरण आहे. आपण आत फुगा फुगवतो तेव्हा साठलेला थर दाबला जातो, चिरतो, अस्तर सोलवटतं, स्नायूंचा थर ताणला जातो. म्हणजे उपचार म्हणून आपण तिथे जखमच करतो. आणि शरीराला जखम दिसली की ते ती भरायला लागतं.

गुडघा फुटला की खपली येते, मग वण राहतो. काही जणांचा वण सपाट असतो, काही जणांचा उंच, जाड, मांस वाढल्यासारखा होतो. स्टेंटच्या जाळीच्या आत हेच घडतं. मधल्या थरातल्या स्नायूपेशी जागच्या हलतात, आतल्या बाजूला सरकतात, एकीच्या दोन, दोनाच्या चार होतात, स्वतःभोवती तंतू नि चिकट पदार्थ घालतात आणि जाळीवर एक नवा थर चढतो. पातळ थर हवाच असतो. तो आला नाही तर धातू रक्ताला उघडा राहतो आणि त्यावर गुठळी होते. थर प्रमाणाबाहेर जाड झाला, की त्याला रिस्टेनोसिस म्हणतात. व्यास निम्म्याने कमी झाला की आम्ही कागदावर रिस्टेनोसिस लिहितो. ‘निम्मंच ना?’ असं म्हणू नका. व्यास निम्मा झाला की रक्त जायची जागा पावपटच उरते. शाळेतलं वर्तुळाचं क्षेत्रफळ आठवा.

इथे एक गल्लत दूर करू, कारण तिच्यामुळे लोकांचं नुकसान होतं. स्टेंट बंद पडतो तो दोन तऱ्हांनी. एक गुठळीने: अचानक, मिनिटांत, हार्ट अटॅक म्हणून. दुसरा या वणाने: हळूहळू, महिन्यांनी, पहिल्यासारखी जिन्यावरची छातीदुखी म्हणून. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, म्हणजे ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीची क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर, या पहिल्या प्रकारासाठी आहेत. वण वाढणं त्या थांबवत नाहीत. म्हणून ‘गोळ्या नियमित घेतल्या तरी परत ब्लॉक झाला, मग त्या घेऊन उपयोग काय?’ असा त्रागा करून गोळ्या सोडणं म्हणजे एक संकट आहेच, त्यात दुसरं स्वतः बोलावून आणणं.

थोडा इतिहास बघू, त्याशिवाय आजचे आकडे कळणार नाहीत.

१६ सप्टेंबर १९७७ ला झुरिचमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी जागेपणी असलेल्या माणसाच्या हृदयवाहिनीत पहिल्यांदा फुगा फुगवला. तेव्हा फक्त फुगाच होता. फुगा काढला की ताणलेली भिंत रबरासारखी परत आत यायची, नंतरच्या महिन्यांत वाहिनी बाहेरून आकसायची आणि आतून वण वाढायचा. म्हणजे तिन्ही बाजूंनी घात. १९८६ मध्ये फ्रान्समध्ये तुलूझला जाक प्युएल आणि स्वित्झर्लंडमध्ये लोझानला उलरिक सिगवार्ट यांनी माणसात पहिले हृदयातले स्टेंट बसवले. धातूच्या जाळीने भिंत धरून ठेवली, परत आत येणं आणि आकसणं थांबलं. वण मात्र वाढलाच, उलट धातूच्या टोचणीने थोडा जास्तच.

सीटीओपुरतं बोलायचं तर नॉर्वेतल्या एका अभ्यासाने १९९६ मध्ये चित्र स्पष्ट केलं. सीटीओ उघडल्यावर निम्म्यांना नुसता फुगा, निम्म्यांना स्टेंट. सहा महिन्यांनी पाहिलं तर नुसत्या फुग्याच्या गटात ७४ टक्के लोकांची वाहिनी पुन्हा अरुंद झालेली होती, स्टेंटच्या गटात ३२ टक्के. म्हणजे स्टेंटने निम्म्याहून जास्त फायदा झाला. तरी तिघांपैकी एकाला पुन्हा त्रास होणार असेल, तर त्याला यश म्हणायला जीभ रेटत नाही.

पुढची गोष्ट मला, म्हणजे आम्हा सगळ्यांनाच, फार आवडते. १९६४ साली कॅनडाची एक वैद्यकीय मोहीम प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर गेली होती. बेटाचं तिथलं नाव रापा नुई. त्यांनी तिथली माती आणली. ती माँट्रिअलच्या आयर्स्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत पोचली आणि तिथे सुरेंद्रनाथ सहगल या, आताच्या पाकिस्तानातल्या खुशाबमध्ये जन्मलेल्या शास्त्रज्ञाच्या गटाने त्या मातीतल्या जिवाणूपासून एक पदार्थ वेगळा केला. बेटाच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं रापामायसिन. बुरशीवर औषध म्हणून त्याच्याकडे पाहत होते, पण ते शरीराची प्रतिकारशक्ती दाबतं असं दिसलं आणि प्रकल्प गुंडाळला गेला. माँट्रिअलची प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा सहगलांनी त्याचा थोडा साठा घरी नेऊन फ्रीझरमध्ये ठेवला, असं सांगतात. पुढे कंपनीची मालकी बदलली, त्यांनी वरिष्ठांना पटवलं, काम पुन्हा सुरू झालं आणि १९९९ मध्ये अमेरिकेत किडनी प्रत्यारोपणासाठी ते औषध मंजूर झालं. आज आपण त्याला सिरोलिमस म्हणतो.

हृदयाशी त्याचा संबंध काय? सिरोलिमस पेशीला मारत नाही. पेशीने दुभंगायची तयारी करायची, त्या टप्प्यावरच तिला थांबवून ठेवतं. वण वाढतो तो पेशी दुभंगत राहतात म्हणून. मग हे औषध स्टेंटवरच लेपलं आणि महिनाभर हळूहळू भिंतीत झिरपू दिलं तर? डिसेंबर १९९९ मध्ये ब्राझीलच्या साओ पावलो शहरात एदुआर्दो सौसा यांच्या चमूने असे स्टेंट माणसात बसवले. २००२ मध्ये २३८ रुग्णांच्या रॅव्हेल अभ्यासाचा निकाल आला: सहा महिन्यांनी साध्या स्टेंटच्या गटात २६.६ टक्के रिस्टेनोसिस, औषधी स्टेंटच्या गटात शून्य. शून्य! त्या काळी परिषदांतून परतणारे सहकारी सांगत की आता हा रोगच संपला. अर्थात संपला नाही. रॅव्हेलमध्ये सोपे, छोटे ब्लॉक निवडलेले होते. सीटीओ त्यात नव्हते.

सीटीओचा निकाल नेदरलँड्समधून २००६ मध्ये आला. २०० रुग्ण, सगळे पूर्ण बंद वाहिन्यांचे. सहा महिन्यांनी स्टेंटमध्ये आणि त्याच्या दोन्ही टोकांना मिळून पाहिलं तर साध्या स्टेंटच्या गटात ४१ टक्के, सिरोलिमसच्या गटात ११ टक्के. पूर्ण परत बंद पडण्याचं प्रमाण १३ वरून ४ वर आलं. आजचे स्टेंट त्याहून सुधारलेले आहेत. पहिल्या औषधी स्टेंटच्या तारा १४० मायक्रॉन जाडीच्या होत्या, आताच्या साधारण त्याच्या निम्म्या, म्हणजे आपल्या केसाएवढ्या. सुरत आणि वापीचे कारखानेही असे स्टेंट बनवतात. तरीही साध्या ब्लॉकपेक्षा सीटीओत परत अरुंद होण्याचा धोका जास्तच राहतो. तो का, हे बघू. इथे थोडा वेळ घेणार आहोत, कारण रुग्णाच्या हातात काय आहे आणि आमच्या हातात काय आहे, ते इथेच कळतं.

पहिलं कारण लांबी. साधा ब्लॉक दीड-दोन सेंटिमीटरचा असतो. सीटीओत बंद भाग, त्याच्या अलीकडचा-पलीकडचा खराब भाग, असं सगळं धरून एकापुढे एक दोन-तीन स्टेंट लागतात. जितका धातू लांब, तितकी जखम लांब, तितकी वण वाढायला जागा जास्त.

दुसरं कारण कॅल्शियम. जुना ब्लॉक हा मऊ लोण्यासारखा राहिलेला नसतो. त्यात चुनखडी साठते. तिथे स्टेंट पूर्ण उघडतच नाही. आकडे घेऊन बघा. तीन मिलिमीटरचा स्टेंट आहे, पण कॅल्शियममुळे तो अडीचलाच अडकला. त्यावर सगळीकडून ०.३ मिलिमीटरचा वण चढला, जो काही फार नाही. नीट उघडलेल्या स्टेंटमध्ये २.४ मिलिमीटरची वाट उरली असती, इथे १.९ उरते. क्षेत्रफळात साडेचार चौरस मिलिमीटर आणि पावणेतीनच्या आसपास, एवढा फरक. वण तेवढाच, पण एका माणसाला कळलंही नाही आणि दुसरा जिन्यात थांबला. म्हणून आम्ही म्हणतो की पुष्कळसा रिस्टेनोसिस रुग्णाच्या शरीराने केलेला नसतो, तो पहिल्याच दिवशी टेबलावर पेरला गेलेला असतो. हे बोललं की काही सहकाऱ्यांना आवडत नाही. पण अर्धवट उघडलेला स्टेंट हे परत येणाऱ्या रुग्णांत सापडणारं फार नेहमीचं कारण आहे, हे आतून तपासणी करणाऱ्या कुणालाही माहीत असतं.

तिसरं कारण आपली वाट. सीटीओत तार नेहमी जुन्या वाटेनेच जाईल असं नसतं. ती भिंतीच्या थरांमध्ये शिरते आणि पलीकडे पुन्हा खऱ्या वाटेत येते. कधी आम्ही मुद्दाम तसंच करतो. समोरून जमलं नाही तर उलट्या बाजूने, त्या पर्यायी वाहिन्यांतूनच तार नेऊन मागून ब्लॉकपर्यंत पोचतो. म्हणजे प्रभादेवीहून जमत नाही, म्हणून टिळक पुलावरून वळसा घेऊन परळच्या बाजूने पुलावर चढायचं. जपानी डॉक्टरांनी ही कला २००० नंतरच्या दशकात पक्की केली. तिने यश खूप वाढलं, पण भिंतीच्या थरांत लांबवर स्टेंट गेला की भिंतीला इजाही जास्त होते.

चौथं कारण फारसं कुणी सांगत नाही, आणि आम्हाला ते सगळ्यात गमतीचं वाटतं. बंद वाहिनीच्या पलीकडचा भाग वर्षानुवर्षं वळशाच्या तुटपुंज्या रक्तावर जगलेला असतो. कमी दाब, कमी रक्त, त्यामुळे तो आकसलेला असतो. आम्ही वाट उघडतो तेव्हा तो दोन-सव्वादोन मिलिमीटरचा दिसतो. त्या मापाचा स्टेंट बसवतो. मग पुढच्या काही महिन्यांत भरपूर रक्त मिळाल्यावर ती वाहिनी सैलावते, मोठी होते. आणि स्टेंट आतमध्ये मुलाच्या मापाचा शर्ट मोठ्या माणसाने घातल्यासारखा होतो, उलटा: माणूस मोठा झाला, शर्ट तोच राहिला. काही ठिकाणी तो भिंतीपासून सुटतो.

या चारही गोष्टींवर एक उपाय आहे: आतून बघणं. नुसत्या एक्स-रेच्या सावलीवर विसंबायचं नाही. वाहिनीच्या आत बारीक सोनोग्राफीची नळी नेता येते, तिला आयव्हस म्हणतात. प्रकाशाने बघायची ओसीटी ही तिची बहीण. भिंत कुठवर आहे, कॅल्शियम किती, स्टेंट सगळीकडे टेकलाय का, हे दिसतं. कोरियातल्या ४०२ सीटीओ रुग्णांच्या अभ्यासात, जो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, आयव्हस वापरून केलेल्यांत वर्षभरात मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पुन्हा उपचार करावा लागणं यांचं एकत्रित प्रमाण २.६ टक्के होतं, न वापरलेल्यांत ७.१ टक्के. तुमचा किंवा घरच्या कुणाचा सीटीओ उघडणार असतील तर ‘आयव्हस करणार का?’ हा प्रश्न विचारायला लाजू नका. खर्च वाढतो, हे खरं. दोनदा अँजिओप्लास्टी करण्यापेक्षा तो कमीच होतो.

रुग्णाच्या बाजूने सगळ्यात मोठं कारण मधुमेह. साखर चढलेल्या शरीरात स्नायूपेशी जास्त वाढतात, वाहिन्या मुळात बारीक असतात, आणि वर एक दगा असा की छातीत दुखतच नाही. मज्जातंतू बधिर झालेले असतात. अशा माणसाला दम लागतो, घाम येतो, थकवा येतो, आणि घरचे म्हणतात वय झालं. सिगारेट, विडी, मशेरी याविषयी वेगळं बोलायला नको. मशेरी लावणाऱ्या मावशींना ‘तंबाखू घेता का?’ विचारलं तर त्या प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात, हे मात्र डॉक्टरांनी लक्षात ठेवावं.

वेळेचंही एक गणित आहे. साध्या स्टेंटमध्ये वण सहा ते नऊ महिन्यांत जेवढा वाढायचा तेवढा वाढतो. औषधी स्टेंटमध्ये तो उशिरा येतो आणि काही वर्षांनी त्या नव्या थरातच पुन्हा चरबी साठू शकते. म्हणजे मूळ आजारच जाळीच्या आत नव्याने सुरू होतो. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या त्यासाठी चालू ठेवायच्या असतात. ‘रिपोर्ट नॉर्मल आला, बंद केली’ असं नाही.

परत आता पुलाकडे येतो. एक प्रश्न कुणीतरी विचारणारच: वाहिनी उघडल्यावर त्या पर्यायी वाहिन्यांचं काय होतं? पूल सुरू झाला की टिळक पुलावरची गर्दी ओसरते, तशा त्या आकसतात. काही महिन्यांत त्यांची क्षमता बरीच कमी होते. स्टेंट हळूहळू अरुंद झाला तर त्या पुन्हा जाग्या होऊ शकतात, पण अचानक बंद पडला तर लगेच पूर्वीइतक्या ताकदीने मदतीला येतीलच असं नाही. म्हणजे सीटीओ उघडलेल्या माणसाला, पूर्वी वळशाचा जो आधार होता, तो आता तेवढा राहिलेला नसतो. एवढ्यासाठी परत सुरू झालेली जिन्यावरची दुखणी चार महिने लपवायची नसतात.

मग परत अरुंद झालं तर करायचं काय? पहिली गोष्ट, कारण शोधायचं. आत नळी घालून बघायचं की स्टेंट उघडलाच नव्हता, तुटलाय, ब्लॉकचा काही भाग झाकायचा राहिलाय, की खरोखर वणच वाढलाय. स्टेंट अर्धवट असेल तर जास्त दाबाचा फुगा लागतो, कॅल्शियम असेल तर हिऱ्याची कणी लावलेली फिरती बर लागते, किंवा ध्वनिलहरींनी चुना फोडायचा, किडनी स्टोन फोडतात त्याच तत्त्वावर. वण असेल तर औषध लावलेला फुगा हा चांगला पर्याय आहे. तो अर्धा-एक मिनिट फुगवतात, औषध भिंतीला लागतं, फुगा बाहेर येतो, नवा धातू आत राहत नाही. जर्मनीत २००६ मध्ये याचा पहिला अभ्यास प्रसिद्ध झाला. नाहीतर आणखी एक औषधी स्टेंट आतमध्ये. लालबागच्या काकांचा स्टेंट मधल्या एका जागी कमरेत आवळल्यासारखा राहिला होता. तो नीट उघडून औषधी फुगा लावला.

ते काम सोपं झालं असतं, पण आधीचे कागद नव्हते. जिथे स्टेंट टाकले होते तिथून मिळालेल्या डिस्चार्ज कार्डावर फक्त ‘पीटीसीए झाली’ असं होतं. कुठला स्टेंट, कुठल्या मापाचा, किती, काही नाही. मंडळी, प्रत्येक स्टेंटच्या खोक्यावर एक स्टिकर असतं, त्यावर नाव, माप आणि बॅच नंबर असतो. ते मागून घ्या आणि फाइलला चिकटवा. २०१७ पासून बिलात स्टेंटचं नाव, कंपनी, बॅच नंबर आणि किंमत वेगळी दाखवणं रुग्णालयांना बंधनकारक आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये, कर वेगळा, अशी ठरवली. त्याआधी छापील किंमत सरासरी १ लाख २१ हजार होती. काकांच्या घरचं कर्ज आधीच्या दिवसांतलं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, ॲडमिशनच्या आधी त्याला गाठा, नंतर नाही.

आता प्रश्न घेऊ. चिठ्ठ्या बऱ्याच आल्यात, दोन-तीनच घेता येतील.

एका ताईंनी विचारलंय: ‘परत बंद होण्याचा एवढा धोका असेल तर सीटीओ उघडायचाच कशाला?’ रास्त प्रश्न आहे. प्रामाणिक उत्तर असं, की सीटीओ उघडल्याने आयुष्य वाढतं हे अजून नीट सिद्ध झालेलं नाही. कोरियातल्या एका मोठ्या अभ्यासात मृत्यू आणि हार्ट अटॅकच्या बाबतीत उघडणं आणि नुसत्या गोळ्या यांत फरक दिसला नाही. युरोपातल्या अभ्यासात २०१८ मध्ये दिसलं ते असं, की छातीदुखी कमी होते आणि माणूस जास्त हिंडूफिरू शकतो. म्हणून गोळ्या पुरेशा घेऊनही जिना चढवत नसेल तर उघडावा. काही त्रास नाही, हृदयाचं पंपिंग चांगलं आहे, आणि फक्त कागदावर ‘१०० टक्के’ लिहिलंय म्हणून घाबरून उघडू नये. ‘शंभर टक्के आहे, कधीही जाल’ असं सांगून कुणी त्याच दिवशी सही मागत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. सीटीओ हे आणीबाणीचं काम नाही. तीन महिने थांबलेला ब्लॉक तीन दिवस थांबतो.

दुसरी चिठ्ठी: ‘दर वर्षी अँजिओग्राफी करून बघावं का?’ नको. त्रास नसेल तर नुसतं बघण्यासाठी तार आत घालायची नाही. स्वतःचा एक ठरलेला जिना ठेवा, किंवा दादर स्टेशनचा पूल. पूर्वी न थांबता चढत होतात आणि आता थांबावं लागतंय, तर या. मधुमेह असेल तर दम लागणं हीच छातीदुखी समजा. आणि बसल्या जागी दुखायला लागलं, घाम सुटला, तर ओपीडीची वाट बघायची नाही, सरळ कॅज्युअल्टीत.

शेवटची चिठ्ठी गिरगावच्या एका गृहस्थांची, त्यांचा स्वतःचाच अनुभव दिसतोय: ‘स्टेंटच्या आत स्टेंट टाकला, तोही अरुंद झाला. तिसरा टाकायचा म्हणतात.’ तुमचे कागद न बघता ठाम सांगणं बरोबर नाही. पण साधारणपणे धातूचा तिसरा थर आम्ही टाळतो, वाट दर थराने लहान होत जाते. औषधी फुगा हा एक रस्ता. दुसरा बायपास. विशेषतः डावीकडची पुढची मोठी वाहिनी असेल, जोडीला मधुमेह असेल आणि दुसऱ्या वाहिन्यांतही ब्लॉक असतील, तर सर्जनशी बोलाच. बायपासचं नाव काढलं की माणसं घाबरतात. पण ज्या परळमध्ये आपण बसलोय, तिथल्याच केईएममध्ये १९६८ च्या फेब्रुवारीत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी देशातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं होतं. छाती उघडून काम करायचा सराव या भागाला जुना आहे. येताना तीन गोष्टी आणा: दोन्ही वेळच्या अँजिओग्राफीच्या सीडी, स्टेंटचे स्टिकर असले तर ते, आणि सध्या घेताय त्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं. चिठ्ठीवर नाव लिहून आणलेली गोळी आणि खरोखर घेतलेली गोळी यांत नेहमी फरक असतो.